‘इराकच्या वेळी सगळेच फसले होते’ हा दावा नोंदींपुढे टिकत नाही

इराक युद्धाचा विषय निघाला, किंवा एखाद्या नव्या युद्धाच्या बातम्यांवर कोणी शंका घेतली, की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. २००३ साली अमेरिकेने इराकवर हल्ला केला तेव्हा तिथला हुकूमशहा सद्दाम हुसेनकडे महासंहारक (रासायनिक, जैविक वा अण्वस्त्र) अस्त्रे आहेत असे जगातल्या सगळ्याच गुप्तचर संस्थांना वाटत होते. माध्यमांनी त्या वेळी उपलब्ध असलेली माहितीच लोकांपुढे ठेवली. विरोध करणाऱ्यांकडे भावनेपलीकडे काही नव्हते. बगदादच्या जनतेने अमेरिकी सैन्याचे स्वागत केले हे तर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले. आणि अशी अस्त्रे सापडलीच नाहीत, चूक उघड झाली, तेव्हा वृत्तपत्रांनी ती मान्यही केली. तेव्हा आता त्यांना धारेवर धरणे ही निव्वळ पश्चातबुद्धी आहे, असा त्याचा समारोप असतो.

पहिल्या विधानात थोडे तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. इराककडे रासायनिक अस्त्रांचा जुना साठा उरला असावा असे अनेक संस्थांना वाटत होते आणि संयुक्त राष्ट्रांच्या इराकमधील शस्त्रतपासणी पथकाचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांनाही तशी शंका होती. परंतु शंका असणे वेगळे आणि खात्री असल्याचे सांगून बॉम्ब टाकणे वेगळे. ७ मार्च २००३ रोजी ब्लिक्स यांनी सुरक्षा परिषदेला सांगितले की उरलेली तपासणी पूर्ण करण्यास वर्षे लागणार नाहीत, आठवड्यांतही ती होणार नाही, काही महिने लागतील. त्याच बैठकीत आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बरादेई यांनी, इराकने आफ्रिकेतील नायजर या देशाकडून युरेनियम मिळवण्याचा प्रयत्न केल्याची कागदपत्रे बनावट असल्याचे जाहीर केले. त्यांपैकी २००० सालच्या एका पत्रावर, १९८९ मध्येच पद सोडलेल्या नायजरच्या परराष्ट्रमंत्र्याची सही होती. हे सारे हल्ल्याच्या तेरा दिवस आधी, जगासमोर, खुल्या बैठकीत सांगितले गेले होते.

‘उपलब्ध माहितीच छापली’ हे दुसरे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण ते माध्यमांना केवळ निरोप्याची भूमिका देऊन मोकळे करते. ८ सप्टेंबर २००२ चा रविवार पाहा. त्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर बातमी दिली की इराक अ‍ॅल्युमिनियमच्या विशिष्ट नळ्या मिळवण्याचा प्रयत्न करत असून त्या अण्वस्त्रांसाठी युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांसाठी आहेत. बातमीचा आधार होता नाव न सांगणारे सरकारी अधिकारी. त्याच सकाळी अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी दूरचित्रवाणीवर आले आणि आपल्या म्हणण्याला पुष्टी म्हणून त्यांनी याच बातमीचा हवाला दिला. सरकारने कानात सांगितलेली गोष्ट वृत्तपत्राने छापली आणि छापून आली म्हणून सरकारने ती पुरावा म्हणून वापरली. या नळ्यांबद्दल अमेरिकेच्या ऊर्जा खात्यातील तज्ज्ञांना गंभीर शंका होत्या; साध्या तोफखान्याच्या रॉकेटांसाठी त्या असाव्यात असे त्यांचे मत होते आणि पुढे तेच खरे ठरले. तज्ज्ञांमध्ये मतभेद असल्याचे त्या वृत्तपत्राच्या वार्ताहरांना पाचच दिवसांत समजले होते. ते छापूनही आले, पण तेराव्या पानावर, एका लांबलचक बातमीच्या पोटात.

म्हणजे माहिती नव्हती असे नाही. तिला जागा नव्हती. ‘नाइट रिडर’ या वृत्तसमूहाच्या वॉशिंग्टन कार्यालयातील जोनाथन लँडे आणि वॉरन स्ट्रोबेल यांनी जॉन वॉल्कॉट यांच्या संपादनाखाली २००२ च्या शरद ऋतूपासूनच या दाव्यांवर प्रश्न उपस्थित करणाऱ्या बातम्या दिल्या. मंत्र्यांच्या भोवती घुटमळण्याऐवजी त्यांनी मधल्या फळीतल्या अधिकाऱ्यांना गाठले होते. त्या बातम्या समूहाच्याच काही दैनिकांनी छापल्या नाहीत. ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये वॉल्टर पिंकस यांनी अस्त्रांबाबत ठोस माहितीच नसल्याचे लिहिले, तेव्हा युद्ध चार दिवसांवर आले होते आणि बातमी सतराव्या पानावर गेली.

विरोधकांकडे केवळ भावना होती हे विधान तर सरळ अन्यायाचे आहे. २६ सप्टेंबर २००२ रोजी आंतरराष्ट्रीय संबंधांच्या ३३ अभ्यासकांनी हे युद्ध अमेरिकेच्या हिताचे नाही असे मुद्देसूद निवेदन ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये प्रसिद्ध केले, आणि ते पैसे मोजून, जाहिरात म्हणून. अमेरिकेतील ‘फेअर’ या माध्यमनिरीक्षक संस्थेने अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी इराकच्या अस्त्रांविषयी सुरक्षा परिषदेत केलेल्या ५ फेब्रुवारी २००३ च्या भाषणाच्या आगेमागे दोन आठवड्यांतल्या चार मोठ्या वाहिन्यांच्या रात्रीच्या इराकविषयक बातम्या तपासल्या, तेव्हा पडद्यावर बोललेल्या ३९३ जणांपैकी युद्धविरोधी चळवळीतले अवघे तीन निघाले. त्याच महिन्याच्या १५ तारखेला लंडन, रोम आणि इतर शेकडो शहरांत लाखो लोक रस्त्यावर उतरले होते. त्याच महिन्याच्या अखेरीस ‘एमएसएनबीसी’ या अमेरिकी वृत्तवाहिनीने युद्धविरोधी पाहुण्यांना बोलावणारा फिल डोनाह्यू यांचा कार्यक्रम बंद केला. भारतातही विरोध केवळ रस्त्यावरचा नव्हता: मनोहर जोशी लोकसभेचे अध्यक्ष असताना ८ एप्रिल २००३ रोजी सभागृहाने एकमताने या युद्धाविरुद्ध ठराव केला, आणि जुलैमध्ये वाजपेयी सरकारने इराकमध्ये सैन्य पाठवण्यास नकार दिला.

राहिला ‘डोळ्यांनी पाहिल्याचा’ मुद्दा. ९ एप्रिलला बगदादमधल्या फिरदोस चौकातला सद्दामचा पुतळा पडताना जगाने पाहिला, तो बहुतेक जवळून घेतलेल्या चित्रांतून. गर्दी पडदाभर दिसत होती. दुरून घेतलेल्या छायाचित्रांत चौकाचा मोठा भाग मोकळा दिसतो. पुतळा अखेर ओढून पाडला तो अमेरिकी मरीन सैनिकांच्या अवजड वाहनाने. चौकालगतच पॅलेस्टाइन हॉटेल आहे, जिथे परदेशी पत्रकार उतरले होते. आदल्याच दिवशी अमेरिकी रणगाड्याच्या गोळ्याने तिथे दोन कॅमेरामन ठार झाले होते आणि बगदादमधल्याच अल जझीराच्या कार्यालयावरील अमेरिकी हवाई हल्ल्यात वार्ताहर तारिक अय्यूब मारले गेले होते. पुतळ्याचे दृश्य दिवसभर पुन:पुन्हा दाखवले गेले. या तिघांची नावे किती प्रेक्षकांना ठाऊक झाली?

चूक मान्य केली, हे खरे आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २६ मे २००४ रोजी तसे संपादकीय निवेदन दिले, परंतु नळ्यांची बातमी ज्या पानावर होती त्या पानावर नव्हे, आत दहाव्या पानावर. त्याच वृत्तपत्राने एप्रिल २००८ मध्ये मात्र मोलाचे काम केले. वाहिन्यांवर तटस्थ तज्ज्ञ म्हणून बसणारे निवृत्त लष्करी अधिकारी पेंटॅगॉनकडून, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडून, मुद्दे घेऊन येत होते आणि त्यांच्यापैकी अनेकांचे संरक्षण कंपन्यांशी हितसंबंध होते, हे त्याने कागदपत्रांनिशी दाखवून दिले आणि त्या वृत्तमालेस पुलित्झर पुरस्कारही मिळाला. ज्या वाहिन्यांनी या अधिकाऱ्यांना वर्षानुवर्षे प्रेक्षकांपुढे बसवले, त्यांतल्या बहुतेकींनी त्या बातमीची जवळजवळ दखलच घेतली नाही.