अभ्यासक्रम उद्योगांच्या हाती दिल्याने प्रश्न सुटणार नाही

‘पदवीधरांना काम येत नाही, कारण महाविद्यालये उद्योगांना विचारत नाहीत, जर्मनीप्रमाणे अभ्यासक्रम उद्योगांकडे सोपवा आणि थिअरी कमी करा,’ असा संदेश सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्यामागची काळजी रास्त आहे. त्यातली विधाने मात्र तपासून पाहिली पाहिजेत.

जर्मनीत अभ्यासक्रम उद्योगांकडे सोपवलेलाच नाही. तिथे प्रत्येक व्यवसायाचे प्रशिक्षण कसे असावे, हे १९६९ च्या कायद्याच्या चौकटीत मालक संघटना, कामगार संघटना आणि सरकार मिळून ठरवतात. कंपनी शिकाऊ उमेदवाराशी करार करते आणि त्याला दरमहा मोबदला देते, पण अंतिम परीक्षा तिच्या हाती नसते. ती घेणाऱ्या मंडळात मालकांइतकेच कामगारांचे प्रतिनिधी असतात आणि व्यवसाय शाळेतला शिक्षकही असतो. त्यामुळे केवळ आपल्या यंत्रापुरता माणूस घडवण्याची मुभा कंपनीला मिळत नाही. संदेशात नेमके हेच गाळले आहे.

उद्योगांना विचारले जात नाही, हेही खरे नाही. २००७-०८ पासून केंद्राने १,३९६ शासकीय आयटीआय उद्योगांच्या भागीदारीत आणल्या, प्रत्येकीला अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज दिले आणि व्यवस्थापन समितीचे अध्यक्षपद उद्योगाच्या प्रतिनिधीकडे ठेवले. तीस किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांनी अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत, असा नियमही आहे. अधिकार मिळाले, शिकवण्याची जबाबदारी मात्र कुणी ठामपणे मागितली नाही. वर्षभर एकाच लाइनवर उभा केलेला मुलगा स्टायपेंड घेतो, पण शिकत नाही.

राहिली थिअरी. सुट्या भागाच्या ड्रॉइंगवर ‘२५ एच७’ लिहिले असेल, तर बोअर, म्हणजे त्यातल्या छिद्राचा व्यास, २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरमध्येच बसला पाहिजे. ०.०२ मिलिमीटर लीस्ट काउंटच्या, म्हणजे त्याहून लहान फरक न दाखवणाऱ्या, व्हर्नियर मापकाने हा जॉब पास करता येत नाही, त्याला छिद्र अधिक बारकाईने मोजणारा बोअर गेज लागतो. आणि का लागतो, हे टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, समजलेल्यालाच कळते. मशीन बदलले तरी हे ज्ञान जुने होत नाही.

बी. व्होक. या व्यावसायिक कौशल्यांच्या पदवीच्या रचनेत विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) ४० टक्के सामान्य शिक्षण ठेवले ते याचसाठी. त्याला कात्री लावण्यापेक्षा, उरलेल्या ६० टक्क्यांत कारखान्यात घालवलेल्या महिन्यांत विद्यार्थी खरोखर काय शिकला, याची परीक्षा त्या कंपनीबाहेरच्या परीक्षकांनी घ्यावी.