पुढचा पंप

सांगलीहून आलेल्या आत्याला ऑस्ट्रेलिया 'नीट' दाखवायचा, म्हणून सप्टेंबरात आम्ही दोघं ॲलिस स्प्रिंग्जहून डार्विनला गाडीने निघालो. स्टुअर्ट हायवे, सुमारे १५०० किलोमीटर. रस्ता सरळ म्हणजे किती, तर स्टिअरिंग नुसतं धरायला असतं.

पाय मोकळे करायला उतरलं की माशा. आपल्याकडच्या माशा गुळावर बसतात. इथल्यांना डोळे, नाक आणि बोलणाऱ्याचं तोंड हवं, कारण त्या सुक्या रानात ओल तेवढीच. आणि गप्प बसणं आत्याला जन्मात जमलेलं नाही. "अरे, इथं माणसं कुठं..." एवढंच म्हणाली आणि ठसका. मग टोपीवरून जाळी ओढली, चिवड्याची पुडी जाळीच्या आत घेतली आणि निवांत एकेक शेंगदाणा वेचत बसली. बाहेर माशा पंगतीला ताटकळल्यासारख्या.

टेनंट क्रीकला पाव टाकी होती. पुणे-सांगली रस्त्यावर एक पंप चुकला तर पुढे दोन असतात, त्या हिशेबाने मी म्हणालो, "पुढे बघू." पंचवीस किलोमीटरवर थ्री वेजचा पंप आला, तोही गेला, आत्या कुणाच्या तरी लग्नातलं मानपानाचं भांडण सांगत होती आणि ते ऐन रंगात आलं होतं. त्यानंतर रेनर स्प्रिंग्जपर्यंत सव्वाशेहून जास्त किलोमीटर नुसती वारुळं. मोबाइलला रेंज नाही. दिवा लागला तसा एसी बंद केला, वेग ऐंशीवर आणला. तेवढ्यात मागून रोडट्रेन आली, म्हणजे मागे ओळीने ट्रेलर जोडलेला ट्रक. या साडेत्रेपन्न मीटरपर्यंत लांब असतात, म्हणजे जवळपास पाच एसट्या एकामागे एक. ती शेजारून जाताना आमची गाडी आधी कडेला ढकलली गेली, मग तिच्याकडे ओढली गेली. आत्याची रामरक्षा चालूच होती, फक्त पट्टी चढली.

दुसऱ्यांदा फलश्रुतीपर्यंत आली, तेव्हा पंप दिसला. पंपवाल्याने काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "पुढचा नव्वदवर."

तिथून सूत्रं आत्याकडे गेली. मातारांकाला चौतीस अंशांच्या कोमट झऱ्यात डुंबायचं, तर आधी पेट्रोल. कॅथरीनला पेट्रोल. पुढे डार्विन आलं, हवा चिकट झाली, दर दोन चौकांना पंप दिसू लागले, आणि प्रत्येक पंपाला मागच्या सीटवरून आरोळी, "अरे, पंप!"

टाकीत पाच लिटरसुद्धा मावत नव्हतं.