‘कासव दिसलं की पाण्यात ढकला’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पावसाळा लागला की गोव्यात मोरजीपासून काणकोणपर्यंत एक मेसेज फिरतो: किनाऱ्यावर कासव दिसलं तर लगेच समुद्रात ढकला; हालत नसेल तर मेलं समजा; कवचावरचे बार्नॅकल (चिकटून वाढणारे शिंपल्यासारखे छोटे जीव) सुरीने खरवडा; पाय तुटलेलं कासव वाचतच नाही; आणि वनखात्याला कळवू नका, तुमच्यावरच केस होईल. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण कासवाचा जीव जायला एवढं पुरे.

आधी ढकलण्याचं बघू. आपल्याकडे ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची फक्त मादी किनाऱ्यावर चढते, तीही अंडी घालायला, बहुतेक रात्री आणि मुख्यतः थंडीच्या दिवसांत. ऐन जुलैत भर दुपारी लाटांच्या कडेला पडलेलं कासव वाट चुकलेलं नसतं, आजारी असतं. जाळ्याने पाय कापलेला असतो, पोटात प्लास्टिक अडकलेलं असतं किंवा फुप्फुसात संसर्ग असतो. अंगात हवा साठली की त्याला बुडी मारता येत नाही. मग ते तरंगत राहतं, उपाशी पडतं, बोटीच्या पंख्याखाली सापडतं. ‘पाण्यातलंच तर आहे’ म्हणतात, पण कासवाला कल्ले नसतात. श्वासासाठी वर यायचं त्राण नसेल तर समुद्रातही ते बुडून मरतं.

हालत नाही म्हणजे मेलं, हेही खोटं. जाळ्यात घुसमटलेलं कासव निपचित पडून बऱ्याच तासांनी शुद्धीवर येऊ शकतं. म्हणून त्याला पोटावरच ठेवून मागची बाजू 15 सेंटीमीटर तरी उंच करतात, सावलीत ओलं फडकं घालतात, नाकपुड्या मोकळ्या ठेवतात आणि 24 तासांपर्यंत वाट बघतात. त्याला उताणं करून तोंडात पाणी ओतणारे महाभाग आहेत. ते पाणी फुप्फुसात जाऊ शकतं.

बार्नॅकल खरवडण्याचे व्हिडिओ बघायला छान वाटतात. पण कासव मंदावतं म्हणून ते इतके वाढतात; आजार वेगळाच असतो, आणि सुरीने कवचाला जखम मात्र होते.

पाय तुटलेलं कासव वाचतं. एक पुढचा पाय गमावलेली कासवं उपचारांनंतर समुद्रात सोडली गेली आहेत. मात्र कासव थंड रक्ताचं, जखमा सावकाश भरतात. एक्स-रे, सलाईन, अँटिबायोटिक, आधी उथळ पाणी, मग खोल टाकी, असे कित्येक आठवडे, कधी महिने जातात. ते तळापर्यंत बुडी मारून स्वतः खाऊ लागलं की मगच सोडतात.

राहिली केस. कासव 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, आहे. असा प्राणी हाती आला तर 48 तासांत कळवा, असं हाच कायदा सांगतो. अडकतो तो घरच्या हौदात ठेवणारा.

तेव्हा जीवरक्षकाला किंवा वनखात्याला फोन करा, जागेचा फोटो पाठवा, गुंडाळलेलं जाळं ओढू नका. आणि माणसं येईपर्यंत कुत्र्यांना हाकलायला कोणीतरी थांबा.