शिकागोत राहता ना, मग एकदा ब्रॉन्झव्हिलला जाऊन या

मराठी माणूस शिकागोत उतरला की पहिल्याच आठवड्यात त्याला दोन गोष्टी सांगितल्या जातात. किराणा देवॉनला मिळतो, आणि साउथ साइडला, म्हणजे शहराच्या दक्षिणेकडच्या, मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या भागात, जायचं नाही. दुसरी गोष्ट सांगणारा स्वतः तिकडे कधी गेलेला नसतो, त्यालाही कुणीतरी असंच सांगितलेलं असतं. वर्षानुवर्षं हेच चालतं. मुलं इथे जन्मतात, शिकून मोठी होतात, आणि निम्मं शहर आपल्या लेखी नसतंच.

मग फेब्रुवारी येतो. ऑफिसच्या कँटीनमध्ये डॉ. किंग आणि रोझा पार्क्स यांचं पोस्टर लागतं, खाली कंपनीचा लोगो, एचआरची एक मेल, दुपारी एक वेबिनार. लोक कॅमेरा बंद करून डबा खातात. १ मार्चला पोस्टर उतरतं. ब्लॅक हिस्टरी मंथ (कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना) म्हणजे एवढंच, असा कुणाचा समज झाला असेल तर तो खोडायला हवा. कारण या सगळ्याची सुरुवात आपल्याच शहरात झाली, आणि तीही याच साउथ साइडला, ब्रॉन्झव्हिल नावाच्या वस्तीत.

ती करणारे इतिहासकार कार्टर वुडसन. त्यांचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. स्वतः वुडसननी तरुणपणी कोळशाच्या खाणीत काम केलं, तिथून शिकागो विद्यापीठ गाठलं आणि १९१२ साली हार्वर्डची पीएचडी मिळवली. १९१५ च्या सप्टेंबरात वाबाश अव्हेन्यूवरच्या वायएमसीएत (ख्रिस्ती युवक संघटनेच्या इमारतीत) मोजक्या लोकांना जमवून त्यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था काढली. ही वायएमसीए काळ्यांसाठी म्हणून वेगळी बांधलेली. इमारत अजून उभी आहे. पुढे १९२६ मध्ये वुडसननी फेब्रुवारीतला एक आठवडा या इतिहासासाठी राखला. लिंकन आणि गुलामगिरीविरुद्ध लढणारे फ्रेडरिक डग्लस यांचे वाढदिवस लोक आधीपासून साजरे करतच होते, त्या सवयीचा त्यांनी हुशारीने उपयोग करून घेतला. आठवड्याचा महिना व्हायला मात्र १९७६ उजाडलं. मधली पन्नास वर्षं हे काम शाळेतल्या बाईंनी, चर्चमधल्या मंडळींनी, वाचनालयांनी रेटलं. तेव्हा लोगोवाल्यांचा पत्ताही नव्हता.

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, ३८३१ साउथ मिशिगनला, साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर आहे. माझी या शहरातली सगळ्यात आवडती जागा. मंदीच्या काळात कलावंतांच्या हाताला काम मिळावं म्हणून सरकारने देशभरात शंभरावर कलाकेंद्रं काढली, त्यातलं हे १९४० चं. शिक्षकांचा पगार सरकार देणार, जागेचं तुमचं तुम्ही बघा, असा मामला. मग वस्तीने ‘माइल ऑफ डाइम्स’ नावाची मोहीम काढली. माणसं चौकाचौकात उभी राहून दहा-दहा सेंट जमवत होती. आपली गणपतीची वर्गणीच म्हणा ना, फक्त यांनी त्यातून मांडव न घालता घर घेतलं. विशीतली मार्गारेट बरोज तेव्हा ३९व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर पैसे गोळा करत होती. १९४१ मध्ये उद्घाटनाला थेट राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट आल्या. तळघरात छायाचित्रकार गॉर्डन पार्क्स यांची डार्करूम होती. इथल्याच कवितेच्या वर्गात ग्वेन्डोलिन ब्रूक्स बसायच्या. १९५० साली पुलित्झर मिळाला तेव्हा तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय ठरल्या.

तिथल्या दालनाच्या भिंतींना लाकडी फळ्या आहेत. चित्रं बघून झाली की जरा जवळ जाऊन त्या फळ्याच बघा. खिळ्यांची भोकंच भोकं. आजवर तिथे जे जे टांगलं गेलं, त्याची खूण राहिलीय. कुणी लांबी भरून, पॉलिश मारून ती बुजवली नाहीत हे फार बरं झालं. आपल्याकडे असतं तर पहिल्याच जीर्णोद्धारात वर सनमायका बसला असता.

बरोज बाईंनी पुढे १९६१ मध्ये, याच रस्त्यावर समोरच्या आपल्या राहत्या घरात, नवऱ्याच्या साथीने संग्रहालय उघडलं. कृष्णवर्णीयांचा इतिहास मोठी म्युझियमं मांडत नाहीत ना, मग आम्ही बैठकीच्या खोलीत मांडतो! तेच आज ड्युसाबल म्युझियम म्हणून वॉशिंग्टन पार्कात आहे. ज्याचं नाव त्याला दिलंय तो ज्याँ बातीस्त पॉइंट दु साब्ल, मूळनिवासी सोडून या शहरात कायम वस्ती करणारा पहिला माणूस, काळा होता. तळ्याकाठच्या लेक शोअर ड्राइव्ह या रस्त्याला त्याचं नाव लागायला २०२१ साल यावं लागलं.

आता आयआयटीतल्या आपल्या पोरांसाठी. (पवई नव्हे, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी.) तुमचं कॅम्पस ब्रॉन्झव्हिलमध्येच आहे. आर्किटेक्चरवाले ज्या क्राउन हॉलचे फोटो टाकतात, त्या जागी आधी मेक्का फ्लॅट्स नावाची मोठी चाळवजा इमारत होती, कृष्णवर्णीय कुटुंबांनी गच्च भरलेली. रहिवासी बरीच वर्षं लढले, तरी १९५२ मध्ये ती पाडली. ग्वेन्डोलिन ब्रूक्स यांनी त्या इमारतीवर दीर्घ कविता लिहिली म्हणून निदान ती कवितेत तरी राहिली. काचेची ती सुंदर वास्तू बघताना हे ठाऊक असलेलं बरं.

४३व्या रस्त्यावर १९६७ साली एका पडीक इमारतीच्या भिंतीवर चित्रकारांनी ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’ रंगवली होती. मुहम्मद अली, माल्कम एक्स, नीना सिमोन, सगळे त्या भिंतीवर. चारपाच वर्षांत इमारत गेली, भिंतही गेली, पण बघून बघून देशभर गल्लीबोळातल्या भिंती रंगायला लागल्या.

सभा-परिसंवादात आपण एक गोष्ट अभिमानाने सांगतो. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती इथल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर्स या लढाऊ संघटनेचं नाव घेऊन. सगळं खरं. जोतीरावांनी पुण्यात बसून यांची दखल घेतली आणि आपल्याला नेपरव्हिलसारख्या उपनगरातून तासाभराची गाडी मारवत नाही. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमाला इथले स्थानिक लोक येत नाहीत अशी तक्रार मी कायम ऐकतो. आपण कुणाच्या कार्यक्रमाला जातो, हे त्याच दमात विचारलं की विषय बदलतो.

गुन्हे होत नाहीत असं मी म्हणत नाही. काही चौक रात्री टाळलेले बरे, हे तिथे राहणारेही सांगतील. पण शनिवारी दुपारी कलादालनात जाण्याचा आणि त्याचा काय संबंध?

सुरुवात करायची तर बड बिलिकन परेडपासून करा. ‘शिकागो डिफेंडर’ या वर्तमानपत्राचे संस्थापक रॉबर्ट अ‍ॅबट यांनी १९२९ मध्ये पेपर विकणाऱ्या पोरांसाठी म्हणून ती सुरू केली. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी, शाळा उघडायच्या आधी, किंग ड्राइव्हवरून वॉशिंग्टन पार्कपर्यंत. ड्रिल टीमची पोरं लाकडी बंदुका गरागरा फिरवत उंच उडवतात आणि मागे न बघता झेलतात. एखादीच्या हातून ती निसटली तर फुटपाथवरच्या आज्या तिलाच जास्त टाळ्या देतात. ड्रमचा आवाज छातीत घुमतो. कोळशाच्या धुराने डोळे चुरचुरतात, रिब्जच्या वासाने शाकाहारी माणसाचीही परीक्षा होते.

गाडी नेऊ नका, पार्किंग मिळणार नाही. ग्रीन लाइनने गारफील्डला उतरा. घडीच्या खुर्च्या, टोपी आणि थोडी रोकड जवळ ठेवा. आर्ट सेंटरला जाणार असाल तर उघडं आहे का ते आधी बघा, आणि दारातल्या देणगीपेटीत डाइमपेक्षा जरा जास्त टाका. ऑगस्टमध्ये आम्ही दोन-तीन कुटुंबं जाणार आहोत. यायचं असेल तर मला मेसेज करा, डब्यात ठेपले किती घ्यायचे ते ठरवायचंय.