मावशीने तारे जाळले, घड्याळ मात्र ठेवले

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, साफसफाईला मदत करायला गोव्यातल्या वाळपईला मावशीकडे गेले होते. पोहोचले तेव्हा परसात कचरा पेटलेला होता आणि प्लास्टिकचा कडवट धूर थेट नाकात जात होता. जवळ जाऊन पाहिले, तर नातवंडांच्या खोलीच्या छताला चिकटवलेले हिरवट तारे नि चंद्रकोर त्यात वितळत होती. "बाय, मोबाइलवर आलंय. त्यात रेडियम असतं, कॅन्सर होतो. पोरं त्याच्याखाली झोपतात गो," मावशी म्हणाली.

तो मेसेज मलाही चार गटांतून आला होता. त्याचा सारांश असा: अंधारात जी वस्तू चमकते तिच्यात रेडियम असते, मग ते मुलांचे स्टिकर असोत की देवघरातली चमकणारी मूर्ती. बंद केल्यावरही मंद उजळणारा एलईडी बल्ब घरात किरणे सोडतो. रात्री चमकणारी मासळी फॉर्मेलिनची, म्हणजे मासे टिकवायला लावलेल्या विषारी रसायनाची. ब्राझीलमध्ये अशाच चमकत्या पावडरीने माणसे मेली. म्हणून चवथीपूर्वी हे सगळे घरातून काढा आणि जाळून टाका.

मी शाळेत विज्ञान शिकवते. या मेसेजमुळे माझ्या मावशीने घरातली सर्वांत निरुपद्रवी चमकती वस्तू जाळली आणि जिच्याकडे खरोखर लक्ष द्यायला हवे होते ती तशीच फळीवर ठेवली. म्हणून मुद्देसूद लिहिते आहे.

पहिला घोळ शब्दाचा आहे. आपल्याकडे नंबर प्लेटवर चिकटवतात ती पट्टी 'रेडियम', दुकानावर पाटी 'रेडियम कटिंग', दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याच्या डोळ्यांना लावतात तेही 'रेडियम'. यातल्या एकाही गोष्टीत रेडियम, म्हणजे तो किरणोत्सर्गी धातू, नाही. नंबर प्लेटची पट्टी तर स्वतः चमकतही नाही. तिच्यात बारीक काचेचे मणी किंवा लोलकासारखे कोन असतात, ते गाडीच्या दिव्याचा उजेड आला त्याच दिशेला परत पाठवतात. दिवा विझवा, पट्टी काळी. कधीकाळी घड्याळांच्या चमकत्या आकड्यांत खरेच रेडियम असायचे, तेव्हापासून हा शब्द बहुधा तोंडात बसला असावा. त्या शब्दावरच हा मेसेज उभा आहे.

स्टिकर खरोखर चमकतात, पण उधारीच्या उजेडावर. त्यात तांब्याचा अंश असलेले झिंक सल्फाइड असते, किंवा युरोपियम आणि डिस्प्रोसियम मिसळलेले स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट. हा दुसरा पदार्थ जपानमधल्या नेमोतो कंपनीने १९९३ साली पुढे आणला. तो जुन्या झिंक सल्फाइडपेक्षा कितीतरी जास्त वेळ उजळत राहतो. उजेड पडला की स्फटिकातले इलेक्ट्रॉन वर ढकलले जातात आणि त्यातले काही वाटेतल्या खाचांत अडकतात. खोलीच्या साध्या उष्णतेने ते हळूहळू सुटतात, आणि सुटताना मिळालेली ऊर्जा हिरव्या उजेडाच्या रूपात बाहेर पडते. स्ट्रॉन्शियमचे नाव ऐकून दचकू नका. अणुस्फोटातून येते ते स्ट्रॉन्शियम ९० वेगळे, हे खनिजातले साधे.

हे माझ्या शब्दावर मानू नका, घरी करून पाहा. एक स्टिकर दिव्याखाली धरून उजळवा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. थोड्या वेळाने खोलीतले दिवे घालवून बाहेर काढा. तो मंद झालेला दिसेल, कारण थंडीत इलेक्ट्रॉन फार सावकाश सुटतात. आता त्यावर अंगठा दाबून धरा आणि उचला. अंगठ्याएवढा डाग बाकीच्यापेक्षा उजळ दिसतो, तुमच्या हाताच्या उबेने. वर्गात हा डाग पाहताना मुले अक्षरशः ओरडतात. दुसरी परीक्षा याहून सोपी: तोच स्टिकर पत्र्याच्या बंद डब्यात चार दिवस ठेवा आणि काळोखातच उघडा. तो विझलेला असेल. किरणोत्सर्गी रंगाला उजेडाची गरजच नसते. तो चार दिवसांनीही तसाच चमकला असता.

देवघरातल्या प्लास्टिकच्या मूर्तीचे, घरातल्या चमकत्या क्रुसाचेही हेच. दिवसभर उजेड खातात, रात्री परत देतात.

बल्बचा मुद्दा वेगळा. त्यात मेसेज चुकला असला तरी ज्याच्या घरी असे होते त्याने दुर्लक्ष करू नये. एलईडीला उजळायला इतका थोडा प्रवाह पुरतो की लांबवर शेजारून धावणाऱ्या वायरींमधून झिरपलेला प्रवाहही त्याला मिणमिणता ठेवतो. बटणातच इंडिकेटर असेल तर त्यातूनही थोडा प्रवाह बल्बपर्यंत जातो. किरणांचा संबंध नाही. पण तिसरे एक कारण असते, विशेषतः जुन्या घरांत, जिथे वायरिंग वेळोवेळी जोडत नेलेले असते: बटण फेजवर (करंट आणणाऱ्या वायरवर) न बसवता न्यूट्रलवर (परतीच्या वायरवर) बसवलेले असते. मग बटण बंद केले तरी होल्डरमध्ये करंट हजर असतो. मेसेज वाचून कोणी ओल्या हाताने तो 'विषारी' बल्ब काढायला गेला, तर धोका बल्बचा नाही, होल्डरचा आहे. मेन स्विच बंद केल्याशिवाय हात लावू नका आणि वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

मासळीचे वाचून तर मला राग आला. जुलै २०१८ मध्ये फॉर्मेलिनच्या बातम्यांनी गोव्यातल्या घराघरांत मासे बंद झाले होते, बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही काळ बंदीही आली होती. ती भीती लोकांच्या मनात अजून आहे आणि मेसेज तिलाच हात घालतो. काळोख्या स्वयंपाकघरात बांगड्यावर किंवा सुंगटांवर (कोळंबीवर) निळसर प्रभा दिसते, ती समुद्रातल्या प्रकाश देणाऱ्या जिवाणूंची. फोटोबॅक्टेरियम हे त्यांतले एक कुळ. मासा मेल्यावर ते त्याच्या अंगावर वाढतात आणि ऑक्सिजन वापरून उजेड काढतात. फॉर्मेलिन जिवाणूंना मारते, तेच त्याचे काम. म्हणजे मासळी चमकत असेल तर तिच्यावर जिवाणू जिवंत आहेत, आणि ते फॉर्मेलिनच्या आरोपाच्या उलट जाते. चमक स्वतः विषारी नसते, पण जिवाणूंना वाढायला वेळ मिळाला हे ती सांगते. तेव्हा गालफडे उघडून पाहा, वास घ्या, आणि शंका आली तर टाकून द्या. पावसाळ्यात सह्याद्रीच्या रानात कुजक्या लाकडावर हिरवट उजळणारी बुरशीही अशीच जिवंत. ओले सरपण रात्री चमकले म्हणून कोणी घाबरू नये.

ब्राझीलची गोष्ट मात्र खरी आहे, म्हणूनच ती जास्त फसवते. सप्टेंबर १९८७ मध्ये गोइयानिया शहरात एका सोडून दिलेल्या दवाखान्यातून कॅन्सरच्या उपचाराचे यंत्र भंगारात गेले. त्यातली सीझियम १३७ ची कुपी फोडली गेली. आतली पावडर काळोखात निळी दिसायची म्हणून लोकांनी ती घरी नेली, अंगाला लावली. चार जण गेले, सुमारे अडीचशे जणांच्या अंगावर किंवा शरीरात तिचे कण सापडले. पण ती इस्पितळाच्या यंत्रातली वस्तू होती. आपल्याकडे २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट ६० ने एकाचा जीव घेतला, आणि तो धातू दिसायला इतर भंगारासारखाच होता. चमक पाहून किरणोत्सर्ग ओळखता येत नाही. चमक नाही म्हणून निर्धास्तही होता येत नाही.

आता मावशीच्या फळीवरचे घड्याळ. आजोबांनी पोर्तुगीज काळात पणजीहून आणलेले गजराचे घड्याळ, किल्लीचे. आकड्यांवर आणि काट्यांवर जाडसर रंग, आता तपकिरी पडलेला. "हे तर चमकत नाही," म्हणून मावशीने ते पुसून परत ठेवले होते. त्या काळच्या अशा चमकत्या घड्याळांत रेडियम आणि झिंक सल्फाइड एकत्र घोटलेले असे. रेडियममधून सुटणारे कण झिंक सल्फाइडवर सतत आदळून त्याचे स्फटिक काही वर्षांतच निकामी करतात, म्हणून चमक जाते. रेडियम २२६ मात्र अर्धे व्हायलाच सुमारे १६०० वर्षे लागतात. न्यू जर्सीच्या कारखान्यात हा रंग लावणाऱ्या मुली कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांनी ओढत. रेडियम पोटात गेले की शरीर त्याला कॅल्शियमसारखे हाडांत नेऊन ठेवते, आणि त्यांचे जबडे सडले. १९२८ साली त्यांतल्या पाच जणींना खटल्यातल्या तडजोडीत भरपाई मिळाली.

काच शाबूत असलेले असे घड्याळ पाहून पळायची गरज नाही. ते उघडायचे नाही, रंग खरवडायचा नाही, मुलांना खेळायला द्यायचे नाही, उशाशी ठेवायचे नाही. भंगारवाल्याला द्यायचे नाही आणि जाळायचे तर मुळीच नाही, कारण मग तीच पूड श्वासातून आत जाते. मी ते जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डब्यात घातले, डब्यावर 'उघडू नये, आकड्यांत रेडियम असण्याची शक्यता' असे लिहिले आणि कोणी झोपत नाही त्या बाजूच्या खोलीत ठेवले. आग विझवून मावशी हात धुऊन आली आणि विचारले, "मग ताऱ्यांचं काय गो?" फोंड्याहून येताना नवे घेऊन येईन, असे सांगून आले.