डायनामो गेलाय म्हणजे नेमकं काय गेलंय?

गॅरेजची बोली मला मनापासून आवडते. अडचण एवढीच की तिथला एकच शब्द कधी किरकोळ सुट्ट्या भागाला लागतो, कधी अख्ख्या युनिटला. आणि बिल हटकून युनिटचं येतं.

डायनामोच घ्या. खरा डायनामो जुन्या फियाट-अँबॅसिडरबरोबर गेला, आता असतो अल्टरनेटर, म्हणजे चालू इंजिनावर वीज बनवून बॅटरी चार्ज करणारं युनिट. 'डायनामो गेलाय' ऐकलं की आधी मीटर लावायला सांगा. इंजिन बंद असताना बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास, चालू केल्यावर साधारण 13.8 ते 14.5 दिसायला हवेत. आकडा चढत नसेल तर बेल्ट बघा, मग विचारा: कार्बन (आतले ब्रश) झिजलेत की कट-आऊट (व्होल्टेज रेग्युलेटर) गेलाय? कट-आऊट पूर्वी वेगळी डबी असायची, आता तो अल्टरनेटरमध्येच बसतो, पण बऱ्याच गाड्यांना सुटा मिळतो. वाइंडिंग जळलं असेल तर गोष्ट वेगळी.

सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, नुसता 'टक' करतोय? हेडलाइट लावून चावी फिरवा. उजेड मंदावला तर बॅटरी किंवा टर्मिनल, लख्ख राहिला तर सेल्फ उतरवा.

चेंबर पुण्यात दोन. एक रस्त्यातला ड्रेनेजचा, एक इंजिनाखालचा ऑइलचा, आणि पहिला दुसऱ्याला फोडतो. ऑइलचा दिवा लागला की इंजिन तिथल्या तिथे बंद. 'गॅरेज जवळच आहे' म्हणत दामटलीत तर बेअरिंगं घासतात आणि काम हाफ इंजिनवर, म्हणजे इंजिन अर्धं खोलण्यावर जातं. पत्र्याचा चेंबर ठोकून, वेल्ड करून चालतो. ॲल्युमिनियमचा तडकला की बदललेला बरा. ऑइल काढायच्या ड्रेन नटाचा वायसर मात्र दरवेळी नवा.

सगळ्यात डोक्यात जाणारा सल्ला: 'व्हॉल काढून टाकू, गाडी तापणारच नाही.' हा व्हॉल म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारा. तो काढला की इंजिन थंडच चालतं, ॲव्हरेज पडतं. तुंबलेला रेडिएटर, बंद पडलेला फॅन, गळकी वॉटर बॉडी (पाण्याचा पंप), जे काही मूळ दुखणं होतं ते तसंच राहतं. काढलेला व्हॉल पाण्यात टाकून पाणी तापवा. उकळी यायच्या आत उघडायला लागला तर तो निर्दोष आहे, परत बसवा.

पुण्यात स्पेअर पार्टच्या बाजारात, नाना पेठेत, जाताना जुना भाग आणि चेसी नंबरचा फोटो न्या. एकाच मॉडेलच्या पेट्रोल-डिझेलचे भाग वेगळे असतात, आणि नुसतं 'शॉकअपचा बुश द्या' म्हटलं तर काउंटरवर चार बुश येतात. माल कंपनीचा की लोकल, ते बिलावर लिहून घ्या. इलेक्ट्रिकचा माल बहुतेक दुकानदार परत घेत नाहीत, तेव्हा डबी फोडायच्या आधी पार्ट नंबर जुळवा.