एकच मुक्काम, तोही दापोलीजवळ

कोकणच्या सहलीविषयीच्या लेखात सहा दिवसांत अलिबाग, गणपतीपुळे आणि मालवण पाहून घ्यावे, असे सुचवले आहे. हा सल्ला मुंबई-पुण्याच्या वाचकांना सोयीचा असेलही. परंतु यवतमाळकडच्या खेड्यातून धामणगावला गाडी पकडून, रात्रभराच्या प्रवासाने मुंबई गाठून, पुढे कोकण रेल्वेने खेडला उतरणाऱ्या कुटुंबाला पुन्हा दर दोन दिवसांनी बाडबिस्तरा हलवणे नकोसे होते, विशेषतः सोबत म्हातारी आई आणि लहान मुले असताना.

आम्ही दोन वर्षांपूर्वी दापोली तालुक्यातील मुरूडला (जंजिऱ्याचे नव्हे, महर्षी कर्व्यांचे मुरूड) पाच दिवस एकाच घरगुती मुक्कामी राहिलो. कर्दे, हर्णैचा मासळी लिलाव, समोरचा सुवर्णदुर्ग आणि आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती हे सारे तेथून जवळच असल्याने दुपारी निवांत झोप काढूनही पाहून झाले. दापोलीत 1972 साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठही आहे, ज्याचे आकर्षण कापूस पिकवणाऱ्या माझ्यासारख्याला समुद्राइतकेच होते.

मे महिन्यात तेथे आपल्याकडची होरपळ नसते, मात्र दमट हवेने घामाच्या धारा लागतात, हे लेखात यायला हवे होते.